मेंदूतील रक्तस्रावावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया : आमच्या घरातला एक निर्णय आणि काही प्रश्न

कुळागर (सोमवार, रात्री ९.४०)

माघ महिन्यातल्या एका सकाळी सातच्या सुमारास माझे मामा गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरात पोफळींना पाणी सोडत होते. हातातले खोरे गळून पडले, ते उचलायला वाकले ते पुन्हा उभे राहता आले नाही. गड्याने हाक मारली तेव्हा तोंड उजवीकडे लुळे पडले होते आणि शब्द फुटत नव्हता. वय ६३. रक्तदाबाची गोळी त्यांनी तीन महिन्यांपूर्वी ‘आता बरे वाटते’ म्हणून स्वतःच बंद केली होती. शेजारच्या कोणीतरी कांदा हुंगवला, दुसऱ्याने ॲस्पिरिन पाण्यात विरघळवून आणली. मामीने मात्र तोंडात काही घालू दिले नाही आणि १०८ ला फोन केला.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, पुटामेन नावाच्या खोल भागात रक्ताची गाठ दिसली. कागदावर ५.२ × ३.६ × ४.० सेंटिमीटर असे माप लिहिले होते. रक्तदाब २१० वर १२०. संध्याकाळपर्यंत गुंगी वाढली, आणि रात्री डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितले की संपूर्ण कवटी उघडण्याऐवजी कपाळाच्या बाजूने लहान भोक पाडून दुर्बिणीतून गाठ ओढून काढता येईल; जीव वाचण्याची शक्यता त्याने वाढेल असे त्यांना वाटते, पण उजवा हात आणि वाचा किती परत येईल याचा शब्द ते देऊ शकत नाहीत. विचार करायला आम्हाला तासभर मिळाला. पुण्यात वैद्यकीचे शिक्षण घेणारा माझा मावसभाऊ फोनवर स्पष्ट म्हणाला की खोल भागातल्या रक्तस्रावात या शस्त्रक्रियेचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मामीने सही केली. पहिल्या लक्षणापासून सुमारे चौदा तासांनी शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये अंदाजे सहा मिलिलिटर रक्त उरलेले दिसले.

आज आषाढ आहे. मामा काठी घेऊन अंगणात फिरतात. उजव्या हाताची मूठ वळते, बोटे सुटी होत नाहीत. वाचेविषयी एक विलक्षण गोष्ट पुढे लिहीन. माझा प्रश्न असा आहे की आमचा निर्णय बरोबर होता का, आणि अशी वेळ आलेल्या दुसऱ्या कुटुंबाने त्या एका तासात नेमके काय विचारावे? येथे जाणकार आहेत म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले.

मडगावचा शल्यक (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, मी मेंदूचा शल्यचिकित्सक आहे. तुमच्या मामांचे स्कॅन मी पाहिलेले नसल्यामुळे त्यांच्या बाबतीतल्या निर्णयावर मत देणे मला शोभणार नाही, परंतु विषय समजावून सांगता येईल.

तुम्ही दिलेली तीन मापे गुणून दोनाने भागली की सुमारे ३७ मिलिलिटर होतात. गाठीचे आकारमान पटकन काढण्याची ही पद्धत १९९६ पासून जगभर वापरात आहे आणि तिला पेन्सिल पुरते. ३० मिलिलिटर हा आमच्या शास्त्रातला एक महत्त्वाचा उंबरठा आहे. त्याखालची गाठ आणि शुद्धीत असलेला रुग्ण, असे असेल तर बहुतेक वेळा आम्ही हत्यार उचलत नाही.

रक्तस्राव दोन वेळा घात करतो. पहिला घात फुटलेल्या रक्तवाहिनीतून आलेल्या रक्ताच्या धक्क्याने होतो, आणि तेवढा भाग तर गेलेलाच असतो. दुसरा घात पुढचे काही दिवस चालतो : गाठीतून रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन सुटते, तांबड्या पेशी फुटून त्यांतले हिमोग्लोबिन आणि लोह बाहेर येते, आजूबाजूचा जिवंत मेंदू सुजतो, आणि कवटी हाडाची असल्यामुळे त्या सुजेला जायला जागा नसते. शस्त्रक्रियेने पहिला घात भरून निघत नाही. आम्ही दुसरा घात कमी करण्याचा प्रयत्न करतो. नातेवाइकांना ही एवढी गोष्ट समजली तर नंतरची निम्मी निराशा टळते, असा माझा अनुभव आहे.

आता दुर्बिणीविषयी. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवून जागा करता येते; मेंदूत अशी रिकामी जागा नसते. म्हणून आधी करंगळीएवढ्या जाडीची एक पारदर्शक नळी गाठीपर्यंत नेली जाते आणि तिच्यातून साधारण चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण व रक्त ओढणारी सक्शनची नळी आत जाते. आपल्या देशात आणि आशियात इतरत्रही काही शल्यकांनी महागड्या नळीऐवजी निर्जंतुक केलेल्या साध्या प्लास्टिकच्या सिरिंजचे नळकांडे याच कामाला वापरले आहे. नळी पारदर्शक असण्याला कारण आहे. तिच्या भिंतीतून काळसर जांभळी गाठ कुठे संपते आणि पांढरट मेंदू कुठे सुरू होतो हे दिसते.

पुटामेनमधल्या गाठीसाठी बहुधा कपाळाच्या बाजूने जातात, कारण ही गाठ पुढून मागे लांबट असते. लांबीच्या रेषेत नळी गेली तर एकाच मार्गाने सगळी गाठ हाताशी येते. कानावरून गेले तर अंतर कमी पडते, पण डाव्या बाजूला भाषेचे भाग वाटेत येतात. काम दूरच्या टोकापासून सुरू करून नळी हळूहळू मागे घेतली जाते, म्हणजे रिकामी झालेली पोकळी मागोमाग मिटत येते. भिंतीला घट्ट चिकटलेला पातळ थर ओढत बसायचे नसते. ‘अजून थोडे काढू’ हा मोह इथे महागात पडतो. खारे पाणी सोडून धुणे, थांबणे, बारीक रक्तवाहिनी दिसली तर विजेच्या चिमट्याने ती भाजून बंद करणे, पुन्हा धुणे, असा तो क्रम असतो. जोराचा रक्तस्राव नळीतून आटोक्यात आला नाही तर कवटी मोठी उघडावी लागते, आणि संमतिपत्रात तसे लिहिलेले असते. ते वाक्य लोक वाचत नाहीत.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ७.०५)

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या वडिलांच्या आजारपणात या विषयावरचे मूळ शोधनिबंध वाचले होते. ताईंच्या मावसभावाचे म्हणणे निराधार नाही, पण ते अपुरे आहे, असे माझे मत झाले आहे.

मेंदूतील गाठ काढावी की नाही याची पहिली यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकून रुग्ण दोन गटांत वाटणारी, लंडनमध्ये मॅकिसॉक यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. १८० रुग्ण होते आणि शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दुर्बिणीची पहिली महत्त्वाची चाचणी ऑस्ट्रियातल्या ग्राझची, आउअर यांची, १९८९ सालची आहे : १०० रुग्ण, आणि सहा महिन्यांनंतर दुर्बिणीच्या गटात ४२ टक्के तर नुसत्या औषधांच्या गटात ७० टक्के मृत्यू. तरीही जगाने ती पद्धत लगेच उचलली नाही. एकाच केंद्रातली चाचणी, आणि तिथेही खोल भागातल्या गाठींचे निकाल तितके चांगले नव्हते.

त्यानंतर २००५ साली ‘स्टिच’ ही मोठी चाचणी आली. २७ देशांतले १,०३३ रुग्ण. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी २६ टक्के आणि औषधांवर ठेवलेल्यांपैकी २४ टक्के रुग्ण चांगल्या अवस्थेत होते, म्हणजे फरक नाहीच. मात्र यातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया कवटी उघडून केलेल्या होत्या, आणि औषधांच्या गटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांवर प्रकृती बिघडल्यामुळे पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. शिवाय दोहोंपैकी एका वाटेबद्दल ज्याची खात्री आहे तो शल्यक आपला रुग्ण चिठ्ठी टाकून वाटायला देत नाही. चाचणीत येतात ते शंकेतले रुग्ण. २०१३ च्या दुसऱ्या ‘स्टिच’मध्ये केवळ पृष्ठभागाजवळच्या गाठी घेतल्या, तरी स्पष्ट निर्णय लागला नाही.

२०१९ ची ‘मिस्टी-तीन’ ही चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते. तीत दुर्बीण नव्हती. बारीक नळी गाठीत बसवून गाठ विरघळवणारे अल्टेप्लेज औषध थोडे थोडे सोडले जात होते. एका वर्षानंतर चांगल्या अवस्थेतल्यांचे प्रमाण नळीच्या गटात ४५ तर दुसऱ्या गटात ४१ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही. पण ज्यांच्या डोक्यात शेवटी १५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी रक्त उरले, त्यांची स्थिती अधिक चांगली राहिली. हा निष्कर्ष नंतर काढलेल्या गटाचा असल्यामुळे तो जपून वापरावा लागतो. ज्याची गाठ सहज निघते त्याचा आजारच मुळात सौम्य असू शकतो.

शेवटी २०२४ ची ‘एनरिच’ : अमेरिकेतली ३७ केंद्रे, ३०० रुग्ण, ३० ते ८० मिलिलिटरची गाठ आणि २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया. एका महिन्यात दगावलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ९.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. सहा महिन्यांनंतरची कार्यक्षमताही शस्त्रक्रियेच्या गटात सरस होती. वर्तमानपत्रांनी एवढेच छापले. परंतु हा फायदा पृष्ठभागाजवळच्या, डॉक्टर ज्यांना लोबर म्हणतात त्या, गाठींमुळे आला. खोल भागातल्या गाठींचे रुग्ण घेणे १७५ नोंदणीनंतर ठरलेल्या नियमाप्रमाणे थांबवण्यात आले, कारण तिथे लाभाची चिन्हे दिसेनात. मावसभाऊ बहुधा याकडेच बोट दाखवत असावा.

मडगावचा शल्यक (मंगळवार, दुपारी २.३०)

आकडेमोड यांनी अगदी नेमके मांडले आहे. एक भर घालतो. ‘एनरिच’मध्ये वापरलेले तंत्र काटेकोरपणे बोलायचे तर दुर्बिणीचे नव्हते. मेंदूच्या दोन वळ्यांमधल्या खाचेतून, तंतूंच्या दिशेला समांतर, एक पोकळ नळी आत नेऊन बाहेरच्या कॅमेऱ्याने किंवा सूक्ष्मदर्शकाने पाहत गाठ काढली होती. तत्त्व तेच, पण डोळा कुठे आहे यात फरक आहे. त्यामुळे ‘एनरिचमुळे दुर्बीण सिद्ध झाली’ हे विधान जसे चुकीचे, तसे ‘एनरिचमुळे खोल गाठीत दुर्बीण निरुपयोगी ठरली’ हेही चुकीचेच.

अमेरिकन हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना ‘एनरिच’च्या आधीच्या आहेत, पण त्यांची भाषा मला प्रामाणिक वाटते : मेंदूच्या वरच्या भागात २० ते ३० मिलिलिटरपेक्षा मोठी गाठ असेल आणि शुद्धीचा निर्देशांक (३ ते १५ मधला; जितका कमी तितकी शुद्ध कमी) ५ ते १२ असेल, तर लहान छेदाच्या पद्धतीने मृत्यू टळण्यास मदत होऊ शकते; कार्यक्षमता सुधारेल की नाही ते अनिश्चित. तुमच्या डॉक्टरांनी मामींना जे सांगितले ते जवळजवळ हेच आहे, ताई. त्यांनी काही लपवले असे मला वाटत नाही.

वाळपईकर (मंगळवार, रात्री ८.५०)

माझ्या वडिलांची हकीकत वेगळी असल्यामुळे लिहितो. त्यांना एका रात्री अचानक गरगरू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. हातापायांत जोर होता, बोलणे जरासे जड होते. आम्ही पित्त म्हणून आले-लिंबू दिले. सकाळी ते दाराची चौकट धरूनही उभे राहू शकेनात तेव्हा निघालो. सत्तरीतून बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि वाटेतच त्यांना झोप येऊ लागली. रक्तस्राव लहान मेंदूत होता. त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली, पण ती दुर्बिणीची नव्हती. मानेच्या वर मागच्या बाजूचे हाड काढून झाली, आणि त्याआधी डोक्यातले पाणी बाहेर काढणारी नळी बसवली. वडील वाचले आणि आज ते बाजारात एकटे जातात. माझा प्रश्न असा की त्यांच्या वेळी कोणी ‘विचार करा’ म्हटले नाही, सरळ आत नेले. हा फरक का?

मडगावचा शल्यक (मंगळवार, रात्री १०.२०)

कारण लहान मेंदू ज्या खोबणीत बसतो ती अरुंद असते आणि तिच्या पुढ्यातच श्वास व शुद्ध सांभाळणारा मेंदूचा देठ असतो. गाठीने देठ दाबला, किंवा मेंदूतल्या पाण्याची वाट अडून ते तुंबले, तर जागा रुग्ण तासाभरात बेशुद्ध होतो. म्हणून तेथे गाठ १५ मिलिलिटर किंवा अधिक असेल, रुग्ण ढासळत असेल, देठ दाबला गेला असेल वा पाणी तुंबले असेल, तर त्वरित शस्त्रक्रिया करावी याबद्दल फारसा वाद नाही. वरच्या मेंदूबद्दल जी द्विधा आहे ती येथे नाही. दुर्बिणीने लहान मेंदूतली गाठही काढतात, परंतु घाईच्या वेळी ज्या हाताला जे सवयीचे तेच करावे, या मताचा मी आहे.

आणि हो, गरगरणे व उलट्या यांबरोबर तोल जात असेल तर पित्त म्हणून रात्र काढू नये. हे मी दर पावसाळ्यात कोणाला तरी सांगतो.

सावंतवाडीकर (बुधवार, सकाळी ६.४०)

आमच्याकडचे लोकही गंभीर आजारात गोव्याचाच रस्ता धरतात, म्हणून येथे लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो. आईच्या हृदयात कृत्रिम झडप असल्यामुळे ती वर्षानुवर्षे रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेते. मागच्या वर्षी डोके दुखून एक बाजू जड झाली. रक्त पातळ असल्याचा निर्देशांक, आयएनआर, ५.४ निघाला. गाठ १२ मिलिलिटरची होती. शस्त्रक्रियेचा विषय मीच काढला, कारण इंटरनेटवर दुर्बिणीबद्दल वाचले होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की रक्त गोठत नसताना डोक्यात नळी घालणे म्हणजे भरल्या विहिरीत बादली टाकून पाणी संपण्याची वाट पाहणे. त्यांनी के जीवनसत्त्व आणि रक्त गोठवणारे घटक देऊन आधी तो निर्देशांक खाली आणला, रक्तदाब सांभाळला आणि सहा तासांनी पुन्हा स्कॅन केला. गाठ वाढली नव्हती. शस्त्रक्रिया झालीच नाही. आई आज स्वतः भाकरी थापते. वॉरफरिन पुन्हा केव्हा सुरू करायचे यावर हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर आठवडाभर बोलत होते, आणि ती आमच्यासाठी खरी कठीण वेळ होती.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ९.१०)

सावंतवाडीकर यांच्या अनुभवाला जोडून घाईविषयी एक आकडा. पहिल्या चार तासांत शस्त्रक्रिया केली तर अधिक मेंदू वाचेल, अशा तर्काने अमेरिकेत एक लहान चाचणी सुरू झाली होती. ११ रुग्णांनंतर ती थांबवावी लागली, कारण चौघांना पुन्हा रक्तस्राव झाला. निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. फुटलेली वाहिनी अजून मिटलेली नसते आणि गाठीचा जो दाब तिला रोखून धरत असतो तोच आपण काढून घेतो. आणि गाठ पहिल्या काही तासांतच वाढते, त्यामुळे फार उशीरही नको. म्हणजे दोन्ही बाजूंनी पडदा आहे आणि मधली खिडकी नेमकी कुठे उघडते यावर अजून वाद चालू आहे. ताईंच्या मामांचे चौदा तास ‘एनरिच’च्या चौकटीत बसतात.

मडगावचा शल्यक (बुधवार, दुपारी १.४५)

माझ्याच व्यवसायाविरुद्ध बोलल्यासारखे वाटेल, पण या चर्चेत शस्त्रक्रियेला मिळणारी जागा तिच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. २०२३ साली ‘इंटरॲक्ट-तीन’ ही सात हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत भारतासह बहुतांशी मध्यम व अल्प उत्पन्नाचे देश होते. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणे, रक्तातली साखर व ताप आटोक्यात ठेवणे, आणि वॉरफरिनचा परिणाम उलटवणे, एवढ्याच गोष्टी ठरवून व वेळेत केल्या तर रुग्णांची स्थिती सुधारते, असे तीत दिसले. यासाठी दुर्बीण लागत नाही. जागता परिचारक, सलाइनचा पंप आणि भिंतीवरचे घड्याळ लागते. रक्तदाब उतरवायचा तोही रुग्णालयात, शिरेतून, मोजून. घरी जिभेखाली गोळी ठेवून तो एकदम कोसळवू नये.

ॲस्पिरिनचेही तसेच. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे बाहेरून कोणालाही, मलाही, ओळखता येत नाही. मामींनी तोंडात काही घालू दिले नाही, हा त्या दिवसाचा पहिला योग्य निर्णय होता, आणि तो माझ्या मते सहीच्या निर्णयाहून मोठा होता.

म्हापशाची फिजिओ (बुधवार, रात्री ९.३०)

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे लिहिते. टाके लहान असले तरी आतली जखम लहान नसते. कपाळावर दोन इंचांची खूण पाहून नातेवाईक दुसऱ्याच दिवशी रुग्णाला चालवायचा आग्रह धरतात. २०१५ च्या ‘अव्हर्ट’ या चाचणीत पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांत जोरकस हालचाल करवलेल्यांचे निकाल उलट कमी चांगले आले होते. एक-दोन दिवसांनी, रक्तदाब स्थिर झाल्यावर, थोड्या थोड्या वेळाने बसवणे आणि उभे करणे हे योग्य.

दुसरे, लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही उठवू नये. खांदा सांध्यातून निसटतो आणि मग वर्षभर खांदाच दुखत राहतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची मुख्य तक्रार ती असते आणि ती घरच्या प्रेमळ हातांनीच झालेली असते. बगलेखाली आणि कंबरेला आधार द्यावा. कुळागर ताई, मामांची मूठ वळते पण बोटे सुटत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. ताठरपणा वाढत असेल तर स्नायू सैल करणाऱ्या बोटूलिनमच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. वाचेच्या गोष्टीची वाट पाहत आहे.

कुळागर (गुरुवार, रात्री ८.१५)

वाचेची गोष्ट अशी. घरी आल्यावर पहिले सहा आठवडे मामांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते. तांब्याकडे बोट दाखवायचे आणि स्वतःवरच चिडायचे. आमच्याकडे बोलणे कोकणीत, पण वाचणे आणि भजन मराठीत. एका एकादशीला शेजारच्या देवळात टाळ वाजू लागले आणि मामा ओट्यावर बसल्या बसल्या संपूर्ण अभंग शब्द न अडखळता म्हणाले. मामी रडू लागली. आम्हाला वाटले की वाचा आली. अभंग संपला आणि ‘पाणी’ पुन्हा अडकले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की हे ठाऊक असलेले लक्षण आहे. पाठ असलेले गाणे आणि मनातून घडवलेले वाक्य मेंदू वेगवेगळ्या वाटांनी आणतो. त्यांनी त्याचाच उपयोग केला, ‘पाणी दी’ हे चालीत म्हणायला लावले आणि मग चाल हळूहळू काढून घेतली. आता कोकणीत तीन-चार शब्दांची वाक्ये येतात. मराठी वाचणे अजून अवघड जाते.

खर्चाबद्दल एकाने निरोपातून विचारले. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे होते. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कार्डाचे नूतनीकरण राहून गेले नव्हते, हे आमचे नशीब. कपाटात कार्ड आहे का ते आजच पाहावे.

मावसभावाने हा धागा वाचला. त्याचे म्हणणे बदललेले नाही : पुन्हा विचारले तर तो पुन्हा ‘नको’च म्हणेल. मामी म्हणते ती पुन्हा सही करील. मला दोघांचेही पटते, आणि हे लिहिताना विचित्र वाटते. शल्यकसाहेब, त्या रात्री मी काय विचारायला हवे होते?

मडगावचा शल्यक (गुरुवार, रात्री ११.००)

गाठ किती मिलिलिटर आहे आणि कुठे आहे. सकाळपेक्षा आता शुद्ध कमी होत आहे का, आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ वाढली आहे का. वाहिन्यांचा स्कॅन करून फुगवटा किंवा रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता नाही याची खात्री केली का, कारण तो असेल तर दुर्बिणीने आंधळेपणाने गाठ ओढणे धोक्याचे. रक्त पातळ करणारे औषध चालू होते का. दुर्बिणीतून थांबले नाही तर कवटी उघडण्याची तयारी याच रुग्णालयात, याच रात्री आहे का. आणि हा प्रश्न लोक संकोचाने टाळतात, पण तो विचारावाच : या पद्धतीने तुम्ही स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? चांगला शल्यक या प्रश्नाने रागावत नाही.

याखेरीज एक प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला विचारायचा असतो : रुग्ण स्वतः बोलू शकला असता तर अंथरुणाला खिळून जगण्याबद्दल काय म्हणाला असता? मृत्यू टळणे आणि स्वतःच्या पायांवर परतणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या चाचण्यांमध्येही पहिली दुसरीपेक्षा सहज साधते. तुमच्या मावसभावाने आकड्यांकडे पाहिले आणि मामींनी मामांकडे. म्हणून तुम्हाला दोघांचे पटते.

कुळागर (शुक्रवार, सकाळी ७.२०)

आभारी आहे. शेवटची एक शंका. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. रक्तस्राव का झाला हे शोधायला एमआरआय करावा का, आणि कपाळात धातूची पट्टी बसवली आहे तिचा अडथळा येईल का? घरचा रक्तदाब सध्या १२८ वर ७८ आहे. पापड आणि खारातल्या कैऱ्या मामीने माळ्यावर ठेवल्या आहेत, आणि मामांना शिडी चढता येत नाही.

मडगावचा शल्यक (शुक्रवार, दुपारी १.०५)

पट्टी बहुधा टायटॅनियमची असते आणि तिच्यामुळे एमआरआयला अडचण येत नाही. तरी शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा. रक्तदाब इतका जास्त होता, गाठ पुटामेनमध्ये होती आणि वाहिन्यांचा स्कॅन स्वच्छ असेल, तर कारण जवळजवळ ठरलेलेच आहे. गाठ पृष्ठभागाजवळ असती, किंवा वय चाळीसच्या आत असते, तर मी एमआरआयचा आग्रह धरला असता. गोळ्या मात्र आता ‘बरे वाटते’ म्हणून थांबवू देऊ नका. पहिल्या दिवसाची सीटीची सीडी तपासणीला घेऊन जा. दुसऱ्या दिवशीची सीडी लोक आणतात आणि पहिली घरी विसरतात.

कुळागर (शुक्रवार, दुपारी १.३०)

दोन्ही सापडल्या. मामीच्या पर्समध्ये, कार्डाच्याच पाकिटात होत्या.